समोरच्या पक्षाची बाई

"पक्ष बदलायचं एक कार्ड भरायचंय, आर्डिस! एक! त्यात काय डोंगर उचलायचाय?"

ल्युसियनने टेबलावर अशी थाप मारली की केकच्या ताटल्या हलल्या. मी माझी ताटली हळूच जवळ ओढली. दुसऱ्यांच्या भांडणात आपला ब्लूबेरी केक कशाला सांडावा!

"भरते की," माझ्याकडे बोट दाखवत आर्डिस म्हणाली, "पण मग या व्हर्नच्या समोर कोण बसणार?"

"बसेल कुणीतरी."

"नाव सांग."

सांगायला नावच नव्हतं.

आमच्या कार्व्हर्स फॉल्समध्ये मतं अजून हातानं मोजतात. पन्नास मतपत्रिकांची एक गड्डी, टेबलाला दोन माणसं, आणि ती दोन पक्षांचीच हवीत. एकाने वाचायचं, दुसऱ्याने लाल पेन्सिलीने रेघ मारायची. मग अदलाबदल करून पुन्हा पहिल्यापासून. कागदाची गिरणी चालू होती तेव्हा सगळं गाव डेमोक्रॅट. माझ्यासारखा रिपब्लिकन म्हणजे थट्टेचा विषय. गिरणी बंद पडली, तरणी पोरं निघून गेली, आणि उरलेलं गाव बघता बघता माझ्या बाजूला आलं. आता यादीत डेमोक्रॅट अकरा. चौघे अंथरुणाला खिळलेले, तिघे गावात नसतात, तिघांना चष्मा लावूनही दिसत नाही. राहिली आर्डिस थिबोडो, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली. बावीस वर्षं ती माझ्यासमोर बसत होती.

गंमत म्हणजे मनाने तीही केव्हाच इकडे आली होती. मला तिने एकदाच सांगितलं, "माझं मत कुठे जातं ते माझं मी बघेन. नोंद मात्र तिकडचीच राहील." समोर दुसऱ्या पक्षाचा माणूस नसला तर पेटी सील करून बाहेरगावी पाठवावी लागते. शेजारच्या गावात एकदा तसं झालं, आणि पुढे वर्षभर लोक चर्चमध्येसुद्धा एकमेकांकडे संशयाने बघत होते.

ल्युसियन तिचा चुलतभाऊ. आई-बाप गेले तेव्हा तो सहा वर्षांचा होता. आर्डिसने लग्न केलं नाही, त्यालाच वाढवलं. तो आता जिल्हा मंडळासाठी रिपब्लिकन उमेदवारी मागत होता. पक्षाचा उमेदवार ठरवायची निवडणूक जूनमध्ये असते, आणि तीत मत द्यायचं तर नाव रिपब्लिकन यादीत हवं. म्हणजे सगळं गाव त्याला मत देऊ शकत होतं, वाढवणारी सोडून.

"सगळे हसतात मला," तो म्हणाला. "घरचं मत नाही म्हणतात."

"हसू दे. मी तुझ्यासाठी घरोघर फिरते, फलक लावते, पाहिजे तर भर चौकात नाचते. पण ती खुर्ची मी रिकामी ठेवणार नाही, लू."

आणि ती खरंच फिरली. गुडघे दुखत असताना, तोंडाभोवती काळ्या माश्या घोंगावत असताना.

जूनमधल्या त्या संध्याकाळी आम्ही गावच्या सभागृहात मतं मोजली. मतदारसंघातल्या बाकीच्या दोन गावांचे आकडे फोनवर आले. कारकून फिलिसने बेरीज केली, पुन्हा केली, मग वाचली. ल्युसियन एका मताने पडला होता.

तो टेबलाशी आला.

"झालं समाधान?"

आर्डिसचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मोजणी बरोबर आहे, लू," एवढंच ती म्हणाली आणि तिने सही केली. मी रिपब्लिकन माणूस, पण त्या क्षणी त्या बाईसाठी उठून उभं राहावंसं वाटलं.

दर शनिवारी तो आर्डिसकडे बीन्स खायला यायचा, तो त्यानंतर यायचा बंद झाला. आर्डिस तरी दोघांच्या शिजवायची आणि उरलेल्या मला द्यायची.

"वाईट वाटतं?" मी विचारलं.

"वाटतं ना. खूप वाटतं. पोर आहे ते माझं."

ऑक्टोबरात मी ट्रकची नोंदणी करायला गावच्या कचेरीत गेलो, तर ल्युसियन तिथे कार्ड भरत होता. डोकावलो. डेमोक्रॅट!

"वेड लागलंय का तुला? पुढच्या वेळी उमेदवारी कोण देईल?"

"कुणी नाही देणार." त्याने मान वर केली नाही. "बावीस वर्षं बसली ती तिथे. आता मी बसतो. तिला सांग, कार्ड बदल म्हणावं."

"तूच सांग की, गाढवा."

त्या शनिवारी मला बीन्स मिळाल्या नाहीत.

दोन वर्षांनी पुन्हा जून आला. आर्डिस चर्चचा कोट घालून आली, रांगेत उभी राहिली आणि आमच्या पक्षाची मतपत्रिका घेऊन पडद्याआड गेली. आत बराच वेळ होती.

संध्याकाळी ल्युसियन माझ्यासमोर बसला. तिसऱ्या गड्डीत तो वाचता वाचता थांबला. जिल्हा मंडळाच्या रकान्यात छापील नावांपैकी एकावरही खूण नव्हती. खाली मनातलं नाव लिहायला सोडलेल्या कोऱ्या ओळीवर पेन्सिलीने, गोल गोल अक्षरांत लिहिलं होतं: ल्युसियन थिबोडो. ते अक्षर आम्ही दोघांनीही कुठेही ओळखलं असतं. उमेदवार नसलेल्याचं नाव मोजत नाहीत, हेही दोघांना ठाऊक होतं आणि तिला तर आमच्याहून जास्त.

त्याने कागद सरळ धरला. मग सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं, "बाद."

मी रेघ मारली. अदलाबदल झाली, तो कागद माझ्या हातात आला. मला चष्मा पुसावा लागला.

"बाद," मी वाचलं.

त्याने रेघ मारली. आमचे आकडे जुळले. त्याने गड्डीला रबर लावलं आणि पुढची गड्डी उचलली.