घटात गेलेली खपली

दिंडोरीच्या रस्त्याला द्राक्षमळ्यात एक नवं हॉटेल झालंय. मुंबई-पुण्याची माणसं गाड्या भरभरून येतात अन् वेलींच्या कडेला बसून जेवतात. तिथल्या मालकीण ज्योत्स्नाताई. त्यांना स्वयंपाकाला बाई पाहिजे होती आणि माझ्या सुनेनं, रूपालीनं, मला न विचारता स्वतःचं नाव देऊन टाकलं. बरं, विचारलं असतं तर मी नाय म्हणाले असते, तेही खरंय.

ताई म्हणाल्या, "पावसाळा संपता संपता इथं जे पिकतं, त्याचं काहीतरी करा. मी घरी येऊन खाईन. जमलं तर काम तुमचं."

रूपालीनं ठरवलं, धान्याचं सॅलड. खपली गहू शिजवायचा, त्यात लाल भोपळा, वांगं, कांदा, ढोबळी मिरची चुलीवर भाजून घालायची, वर लिंबू, गूळ अन् शेंगदाण्याचं कूट.

"सॅलड म्हणजे कोशिंबीरच की," मी म्हणाले. "कोशिंबीर खायला कोण येतंय मुंबईहून?"

"आत्या, हे कोमट असतं. पोटभरीचं असतं."

"मग खिचडी म्हण ना!"

ती हसली. पण ते काम तिला किती हवं होतं, ते मला दिसत होतं. चार दिवस बाई भाज्या भाजत होती, चाखत होती, पुन्हा भाजत होती. माझ्या समाधानला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, रोज भोपळा खाऊन भोपळ्याचा वीट आला.

ताईंना वेळ मिळाला तो नेमका घटस्थापनेचा. आमच्यात पहिल्या माळेला दोघींचा कडक उपवास, औंदा रूपालीचा तर नवसाचा. शिवाय घरात घट बसलेला असताना कांदा-वांगं म्हणजे माझा जीव खालीवर. मी सांगून टाकलं, "तुझं जे काय असेल ते अंगणातल्या चुलीवर. घरात वास आला तर बघ."

सकाळी अंघोळ करून मी घटाची तयारी केली. टोपलीत शेतातली काळी माती घेतली. घटात पेरायचं धान्य रात्रीच भिजवायला मी रूपालीला सांगितलं होतं. ओट्यावर पातेलं होतं, वर ताट झाकलेलं. उघडलं तर टपोरं, फुगलेलं धान्य. मला वाटलं, वा! सुनेनं औंदा हात सैल सोडला. दाट पेरलं की दाट उगवतं, म्हणून सगळंच्या सगळं मातीत टाकलं, वरून माती पसरली, मधे घट ठेवला, नारळ ठेवला, दिवा लावला, नमस्कार केला.

तेवढ्यात रूपाली आत आली. पातेलं बघितलं. टोपली बघितली.

"आत्या, माझी खपली?"

घटाचं धान्य शेजारच्या वाटीत होतं हो! वाटीवर बशी होती, ती मला दिसली नाय. आता बसलेला घट कुणी उकरतं का? अन् उकरला तरी देवीच्या नावानं मातीत गेलेलं धान्य का मी कांद्यात कालवू देणार? मेले तरी नाय. दुसरी खपली घरात नव्हती. आणून भिजवायची म्हटलं तर दिवस मावळला असता.

रूपाली भिंतीला टेकून खालीच बसली. "तुम्हाला मी कामाला जायला नकोच होतं ना?" एवढंच बोलली.

भांडली असती तर मी चार शब्द वरचढ बोलले असते. मला भांडण येतं. पण ती रडत पण नव्हती अन् भांडत पण नव्हती. तोंड कुठं लपवू, असं झालं मला. कारण सुनेनं कामाला जायला नको, हे मी नळावर बायांपुढं बोलले होते, अन् ते तिच्या कानावर गेलंच असणार.

"भगर करू," मी म्हणाले. "पटकन शिजते."

"गिचका होतो भगरीचा. दाणा दाताखाली आला पाहिजे."

ती उठली, अंगणात जाऊन उभी राहिली. बांधापलीकडं माझ्या दिराची, कोंडाजी भाऊजींची बाजरी. औंदा उशिरा पेरलेली, कणसं अजून हिरवी, दाण्यात दूध. रूपाली बघतच राहिली. मग एकदम ओरडली, "आत्या, निंबूर!"

निंबूर म्हणजे हिरव्या बाजरीची भाजलेली कणसं. आम्ही शेतात बसून मूठ-मूठ खातो. ते ताटात वाढायचं कधी कुणाला सुचलंय? पण सुचलं पोरीला! मी पदर खोचला अन् बांध ओलांडला. भाऊजी "अगं वैनी, अगं काय चाललंय" म्हणत राहिले. म्हटलं, "संध्याकाळी या भांडायला, आत्ता टाइम नाय."

चुलीच्या आरावर रूपाली कणसं भाजत होती, मी गरम गरम चोळत होते. हात भाजले, तोंडात कुसळं गेली, सुपानं पाखडताना डोळ्यात भुसा गेला. पण सूपभर दाणे निघाले, हिरवे, मऊ, धुराच्या वासाचे. तिनं त्यात भाजलेला भोपळा घातला, वांगं घातलं, कांदा मोकळा करून घातला, लिंबू पिळलं, गूळ-मीठ टाकलं. अन् हात थांबला तिचा.

"मीठ बघायला कोणी नाय," ती म्हणाली.

समाधान छाटणीला मळ्यात गेलेला. भाऊजी बांधावर, पण तो माणूस तंबाखू खातो, त्याला मीठ काय अन् साखर काय. रूपालीनं घाबरत घाबरत बोट पुढं केलं. मी तिचं मनगट धरलं. "तू नको मोडू. नवसाचा उपवास हाय तुझा."

अन् मी चमचाभर उचलून तोंडात टाकलं.

लग्न होऊन आल्यापासून माझी पहिली माळ कधी चुकली नव्हती. कांदा, वांगं, सगळं एका घासात गेलं. रूपाली डोळे फाडून बघत होती.

"बघतेस काय? मीठ कमी हाय. अन् गूळ अजून चिमूटभर घाल."

ज्योत्स्नाताई आल्या. अंगणात खुर्चीवर बसल्या. पहिला घास घेतला, लगेच दुसरा घेतला. मग त्यांनी ताटली संपवली, पुढं केली, "अजून वाढा" म्हणाल्या.

"हे कोणतं धान्य?"

रूपालीनं सांगितलं. "पण ताई, हे फार तर आठ-दहा दिवस मिळेल. मग कणसं वाळतात."

"मग मिळेल तोवर हे करा, नंतर हुरड्याचं करा," ताई म्हणाल्या. "सोमवारपासून या."

त्यांची गाडी वळून गेली. मी कढई घासायला घेतली, उगाच, हाताला काम पाहिजे म्हणून. रूपाली शेजारी येऊन बसली.

"सकाळी मी बोलले ते चुकलं माझं," ती म्हणाली. "तुम्हाला मुद्दाम करायचं असतं तर तुम्ही मला हाक मारून, समोर उभं करून पेरलं असतं."

मला हसू पण आलं अन् रडू पण आलं. राखेच्या हातांनी डोळे पुसले, ते जास्तच झोंबले.

"सोमवारी लवकर निघ," मी म्हणाले. "घरचं मी बघते."