मुशीबाहेर राहिलेली मूठ

मित्रांनो, मी एक जुनी मूठ आहे, काशाच्या सुरईची. दूर रोमच्या मुलुखात एका कारागिराने आम्हा दोघींना घडवले आणि डाग देऊन जोडले. माझ्यावर त्याने एका दाढीवाल्या माणसाचा चेहरा कोरला. सुरई मात्र साधीच ठेवली. त्याचा मला तेव्हा फार तोरा होता!

जहाजातून, मग बैलांच्या पाठीवरून आम्ही पंचगंगेकाठी आलो. इथल्या व्यापाऱ्याच्या घरी आमचे केवढे कौतुक झाले! पुढे पुराच्या गाळात कितीतरी शतके एकमेकींना बिलगून पडून राहिलो. १९७८ साली कुणाच्या तरी घराचा पाया खणताना कुदळ बसली आणि मी सुरईपासून निखळले. ती पार चेपली. दोघी एकाच पोत्यातून शिरोलीच्या एका ओतकामाच्या कारखान्यात मोडीत गेलो.

समोर भट्टी धगधगत होती. भीतीने माझा जीव टांगणीला लागला. मोडीतला माल निवडणाऱ्या तानाबाईंनी मला उचलले आणि त्या ओरडल्या, "शमशुद्दीनभाई, थांबा! ह्यो देवाचा टाक हाय!"

देवाचा चेहरा ठोकलेला देव्हाऱ्यातला टाक वितळवायचा नाही, नदीत सोडायचा, ही इथली रीत. भट्टीवरचे शमशुद्दीनभाई म्हणाले, "मग बाजूला ठेवा की. देवाला आगीत घालून पाप कोण घेतंय?"

तानाबाईंनी मला धुऊन फळीवर ठेवले. पण माझी नजर पोत्यातल्या सुरईवर होती. मित्रांनो, तिला चेहरा नव्हता हो! माझ्यादेखत पोते मुशीत रिकामे झाले. मला ओरडताही आले नाही.

दुपारी मला नदीला न्यायला तानाबाई फडके घेऊन आल्या. शमशुद्दीनभाईंनी सहज मला उलटे केले.

"टाकाला मागनं जोडाचा डाग कशाला? तानाबाई, ही मूठ हाय, लई जुन्या काळातली! भांडं कुठाय?"

"चेपल्यालं व्हतं ते? सकाळीच घातलंसा की तुम्ही."

ते मुशीकडे धावले. तोवर रस ओतून पंपाचे सुटे भाग तयार झाले होते.

त्यांनीच मला वस्तुसंग्रहालयात पोचवले. आता मी काचेच्या कपाटात असते. खाली चिठ्ठी आहे, 'रोमन मूठ. सुरई उपलब्ध नाही.' शमशुद्दीनभाई अधूनमधून येतात, चिठ्ठी वाचतात आणि खाली मान घालून जातात. मला त्यांचा राग येत नाही. मला फक्त ती आठवते.

मित्रांनो, मातीतून काही निघाले तर टाकण्याआधी एकदा उलटून बघा. चेहरा नसला तरी बघा.