वर्गातली एकच मुलगी

"आजी, तुम्ही हात वर केलात ना, तेव्हा नेमकं काय वाटलं हो तुम्हाला?"

नटीने अगदी सहज विचारलं. पोरगी गोड होती, चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसली होती. समोर बसलेल्या चिमणीआजीने मात्र आपला कप खाली ठेवला.

"कसला हात?"

"मतदानाच्या वेळी. मास्तरांच्या विरुद्ध."

चिमणी हे तिचं चित्रशाळेतलं नाव. वर्गात मुलगी ती एकटीच, त्यात अंगाने काडी, म्हणून पोरांनी ते ठेवलं आणि ते जन्माचं चिकटलं. तिच्याच वर्गातला लंब्या पुढे देशोदेशी गाजलेला चित्रकार झाला होता. त्याच्या तरुणपणावर आता सिनेमा निघत होता. त्या वर्गातल्या मुलीचं काम या नटीला मिळालं होतं, म्हणून ती पत्ता हुडकत आपण होऊन आली होती.

खरं काय घडलं ते चिमणीला लख्ख आठवत होतं. वर्दीवाल्यांचं राज्य होतं तेव्हा. चित्रात काय असावं हेही वरून ठरून यायचं: गुबगुबीत गालांचे मजूर, धुरांडी, झेंडे. मास्तरांनी आपल्या आजारी बायकोचा चेहरा रंगवला, होता तसा, पिवळा. झालं. चित्र रोगट ठरलं आणि विद्यार्थ्यांनीच मास्तरांना काढून टाकावं असा हुकूम सुटला. सभागृहात सगळ्यांना बसवलं. दारात वर्दीतला माणूस उभा. मान्य असेल त्यांनी हात वर करा, म्हणाला. भराभर हात वर गेले. चिमणीचे दोन्ही हात मांडीवरच राहिले. शेजारी बसलेल्या लंब्याचा हात जरा उशिरा गेला, पण गेला.

दुसऱ्याच दिवशी तिचं नाव पटावरून कमी झालं. मग कपबश्यांच्या कारखान्यात ती उभा जन्म एकच निळं फूल काढत राहिली. लंब्या शिकला, सीमा ओलांडून पळाला, मोठा झाला. मास्तर एका कोंदट खोलीत खोकत पडलेले असायचे; ते जाईपर्यंत चिमणी दर रविवारी कोळशाची पिशवी घेऊन त्यांच्याकडे जायची.

"पण पटकथेत उलटं आहे," सभागृहातलं ऐकून नटीचा आवाज बारीक झाला. "नायकाचा हात खाली राहतो. शेजारची मुलगी वर करते आणि नंतर रडते. माझा सगळ्यात मोठा प्रसंग आहे तो."

लेक स्वयंपाकघरातून ऐकत होती. हात पुसत बाहेर आली. "आई, नावं बदललीत ना त्यांनी? मग कशाला जीवाला लावून घेतेस?"

"नावं बदलली असतील. वर्गात मुलगी एकच होती."

"कोण लक्षात ठेवतंय आता!"

"मास्तरांची मुलगी ठेवेल. थिएटरात बसून तीही हे बघणार आहे." चिमणीने नटीकडे वळून विचारलं, "कधी काढताय हे?"

लेकीने पुष्कळ अडवलं. आईला ब्लडप्रेशर होतं, आणि मोठ्या माणसांशी वैर कशाला, असंही तिचं म्हणणं होतं. पण चित्रीकरणाच्या दिवशी सकाळी चिमणी कोट चढवून सेटवर हजर झाली.

एका बंद पडलेल्या शाळेत सभागृह उभं केलं होतं. बाकं, दिव्यांची झाडं, पायांत वायरींची जाळी. जुन्या वळणाचे कोट घातलेली पोरं बाकांवर फोनमध्ये डोकं खुपसून बसली होती. तो दरवाजा, ती लाकडी भिंत पाहून चिमणी उंबऱ्यातच थबकली.

दिग्दर्शक आदराने बोलला, पण त्याचा एक डोळा घड्याळावर होता. "काकू, हा काही माहितीपट नाही. जीवनावर सैलसर आधारित, असं आम्ही पडद्यावर चक्क लिहिणार आहोत."

"तेच तर विचारायला आलेय. त्याच्या बाजूने घट्ट आणि माझ्याच बाजूने सैल, असं कसं बेतलंत?"

दिग्दर्शकाला हसूही येईना. "सरांनी स्वतः सांगितलंय मला हे. हवं तर त्यांनाच विचारा. आलेत ते आज."

लंब्या मॉनिटरच्या मागे खुर्चीत बसला होता. गुडघ्यांवर शाल, हातात काठी. उंची कुठच्या कुठे गेली होती. तिला पाहताच त्याने डोळे बारीक केले आणि त्याचा चेहरा उजळला.

"चिमणे! अगं, अजून तेवढीच आहेस तू!"

क्षणभर चिमणीचं मन विरघळलं. कोळशाने काळी झालेली बोटं नाचवत तिला हसवणारा पोरगा तिला दिसला. पण ती बसली नाही.

"लंब्या, त्या दिवशी हात कुणाचा वर गेला?"

"माझा नाही."

"मग?"

तो तिच्याकडे मायेने बघत राहिला. "तुझा गेला. पण मी कधी राग धरला नाही गं. घाबरली होतीस तू. लहान होतीस."

चिमणीच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच्या डोळ्यांत तिने खोटेपणा शोधला. तो असता तर तिने सगळ्यांदेखत त्याला फैलावर घेतलं असतं. पण तिथे नुसती कीव होती. इतकी वर्षं सांगता सांगता त्याला ते तसंच आठवायला लागलं होतं.

"मग मला का काढलं रे? हात वर केला असता, तर मला कशाला हाकललं असतं?"

लंब्याने काठी या हातातून त्या हातात घेतली. "तू... तूच सोडलीस ना शाळा? लग्न ठरलं म्हणून?"

"लग्न नंतर झालं. कारखान्यातल्या एकाशी."

दिग्दर्शक दोघांकडे आळीपाळीने बघत होता. तेवढ्यात सगळं तयार असल्याचा पुकारा झाला. सभागृह त्यांना तेवढ्या दिवसापुरतंच मिळालं होतं. "काकू, नंतर बोलू," म्हणत तो खुर्चीकडे पळाला. बाकावर बसलेल्या नटीने यातला शब्द न् शब्द ऐकला होता.

कॅमेरा फिरू लागला. वर्दीतल्या नटाने दारातून हुकूम सोडला. हात वर जाऊ लागले, एका बाकामागून दुसऱ्या बाकावर. कॅमेरा नटीपाशी आला. तिचे हात मांडीवरच होते.

दिग्दर्शकाने माइक उचलला आणि तसाच खाली ठेवला.

तरुण लंब्या झालेला नट गडबडला. ही का हलत नाही? त्याने चोरून तिच्याकडे पाहिलं. वर्दीतला नट मुरलेला होता. काहीतरी चुकतंय हे ओळखून तो बुटांचा आवाज करत पुढे आला आणि पोराच्या समोर उभा राहिला.

"तुमचं काय?"

हे वाक्य पटकथेत नव्हतं. पोराचा हात मांडीवरून सुटला, घुटमळला आणि वर गेला, डोक्याच्याही वर.

"नाही!" खुर्चीतून लंब्या उठला होता. काठी खाली पडली. "एवढा नाही! एवढा वर नव्हता गेला. खांद्यापर्यंतच..."

आणि तो थांबला.

दिग्दर्शकाला 'कट' म्हणायचंही सुचलं नाही. लंब्या आपल्याच उजव्या हाताकडे बघत होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. मग हळूहळू खाली बसला.

चिमणीला वाटलं होतं, या घटकेला तिला बरं वाटेल. तिने नुसती काठी उचलून त्याच्या हातात दिली.

"मास्तरांनी पाहिलं होतं?" त्याने विचारलं.

"समोरच उभे होते."

"मग नंतर काही म्हणाले?"

"विचारायचे, लंब्या चित्रं काढतो ना अजून? तेवढंच."

त्याने मान हलवली आणि गाडी मागवली.

पुढे बरीच रणं माजली. लंब्याच्या वकिलाने दिग्दर्शकाला कळवलं की सिनेमात सरांचं एकही चित्र दाखवायचं नाही. दिग्दर्शक हट्टाला पेटला, दुसऱ्या कुणाकडून चित्रं करून घेतली आणि तो प्रसंग जसा घडला तसाच ठेवला. सिनेमा बेताचाच चालला. ती चित्रं अगदीच टुकार आहेत, असं सगळ्यांनी लिहिलं, आणि ते खोटं नव्हतं. थिएटरात चिमणीच्या एका बाजूला लेक होती, दुसऱ्या बाजूला मास्तरांची मुलगी. पडद्यावर तो हात वर जाताना मास्तरांच्या मुलीने चिमणीचं मनगट घट्ट धरलं आणि दिवे लागेपर्यंत सोडलं नाही. बाहेर आल्यावर मास्तरांच्या मुलीने कोळशाची आठवण काढली, तेव्हा लेक फुरंगटून म्हणाली, "कोळसा कुणाला नेऊन देतेस हे मी लहानपणी कितीदा विचारलं, दर वेळी 'एका म्हाताऱ्याला' म्हणायचीस."

हिवाळा लागता लागता एके दुपारी फोन वाजला.

"सिनेमा पाहिलास?" लंब्याने विचारलं.

"पाहिला."

"माझी हिंमत होत नाही. मास्तरांना कुठे पुरलंय गं?"

तिने सांगितलं. गावाबाहेर, टेकडीवर.

"मला नेशील?"

चिमणी खिडकीजवळ उभी होती. नेईन म्हणावं की नाही, हे तिला पटकन कळेना. झालेलं सगळं मनात तसंच होतं, एक तसूही न हललेलं.

"थंडीचा येऊ नकोस," ती शेवटी म्हणाली. "चढ फार आहे. तुझ्याच्याने होणार नाही."

"मग?"

"ऊन पडायला लागलं की ये."