सातवा रकाना

“तिथंच थांब!” सासरे आतून ओरडले, तसा उंबरठ्यावर टेकवलेला पाय तिने झटकन मागे घेतला.

ठमीला शेजारच्या काकूंकडे सोडून ती अर्ज घेऊन वर्कशॉपवर आली होती. दहा महिन्यांची पोर तासभर दुसऱ्याकडे ठेवायची म्हणजे तिचा जीव टांगणीला लागायचा. त्यात हे असं स्वागत.

सासरे, म्हणजे बाबा, जुन्या बॅटऱ्या उघडून, आतल्या शिशाच्या प्लेटा बदलून त्या पुन्हा चालत्या करत. आता सरकारचा नवा नियम आला होता. व्यवसाय पर्यावरणपूरक ठरला, तरच बस कंपनी त्यांना दुरुस्तीला बॅटऱ्या देणार. अर्ज आजच जायला हवा होता. नाहीतर बाबा आणि त्यांचे चार कारागीर, पाचही जण हातावर हात ठेवून बसणार.

बाबा बाहेर आले आणि तिच्यापासून चांगले चार हात लांब, पायरीवर बसले. घरीही हेच. ठमी दोन्ही हात पसरून झेपावायची आणि ते लांबच्या खुर्चीतून नुसतं टॉक टॉक करायचे. ‘बाबांना नातीचं कौतुकच नाही गं,’ असं तिने आईला फोनवर सांगूनही टाकलं होतं.

“चौथा रकाना. पर्यावरणाला फायदा काय?” तिने अर्जातलं वाचलं.

“लिही, मेलेल्यांना उठवतो.”

“बाबा, सरकारी अर्ज आहे.”

“मग लिही, जुनी बॅटरी फेकावी लागत नाही. तेच ते, जरा नटवून.”

ती हसली. सातव्या रकान्याशी मात्र पेन अडखळलं. एकीकडे भलं करताना दुसरीकडे कुणाला मोठी इजा तर होत नाही ना, असं तिथे विचारलं होतं. शिशाची धूळ लहान मुलांना किती वाईट, हे तिने गरोदरपणातच वाचलं होतं. तेव्हापासून रोज बाबांच्या सदऱ्यावर तिची चोरटी नजर असे. कधी काही सापडलं नव्हतं.

“कामगारांच्या अंगावरून धूळ घरी जाते?”

“छे! मागे न्हाणीघर आहे. डोक्यावरून अंघोळ, कपडे बदलायचे, मगच सुट्टी. मळके कपडे इथेच धुतो.”

“कधीपासून? तारीख हवी.”

बाबांनी डोकं खाजवलं. “तारीख कुठली राहते लक्षात! तुला पाचवा लागला होता बघ. गवंडी आला, त्याच दिवशी तुझी आई आली होती.”

तिने मान वर केली नाही. संध्याकाळचे त्यांचे ते ओले, चापून बसवलेले केस पाहून ‘या वयात काय हा थाट’ म्हणत ती नवऱ्यापाशी हसली होती.

“आणि पंखा? हवा गाळून बाहेर सोडतो?”

“पंखा आहे की.”

“गाळून?”

बाबांनी पंख्याच्या भोकाकडे पाहिलं. त्याच्यासमोर, गल्लीत, दोन मुली भिंतीवर चेंडू मारत होत्या.

“‘हो’ लिहिलं तर कोण बघायला येतंय,” ते म्हणाले. मग त्यांनी पुन्हा त्या मुलींकडे पाहिलं. “नको. ‘नाही’ लिही. गाळणी सहा महिन्यांत बसवतो म्हणावं.”

“मग ‘पूरक’ नाही मिळणार. ‘सुधारणेच्या वाटेवर’ असा खालचा वर्ग आहे. तो बस कंपनीला चालेल की नाही, सांगता येत नाही.”

“बघू तेव्हाचं तेव्हा. सही कुठे करू?”

संध्याकाळी ओल्या केसांनी बाबा घरी आले आणि त्यांनी लांबची खुर्ची धरली. ठमी झेपावली. तिने ठमीला उचललं आणि सरळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. बाबांचे दोन्ही हात वर गेले, कुणी पिस्तूल रोखल्यासारखे.

“अगं, घे तिला! नखांत राहतं ते शिसं, कितीही घासलं तरी.”

तिने ठमीला सतरंजीवर बसवलं. नेलकटर आणलं, स्टूल ओढलं आणि त्यांचा काळवंडलेला अंगठा हातात घेतला. ठमी रांगत आली, बाबांचा गुडघा धरून उभी राहिली. आपला नंबर कधी लागतोय ते बघत.

“इतकी बारीक नको गं. उद्या प्लेटा कशाने उचकटू?”

“उद्या सुट्टी आहे,” ती म्हणाली. “दुसरा हात द्या.”