बेडीखालचा रुमाल

पोर्ट आर्थरमध्ये माझ्या लहानपणी सगळ्यांचेच आजोबा पहारेकरी होते. एवढा मोठा तुरुंग, सातासमुद्रापलीकडून जहाजांनी आणलेले हजारोंनी कैदी. पण एकालाही नातवंड म्हणून झालं नाही! माझे आजोबाही पहारेकरीच, असं बाबा सांगायचे. जास्त विचारलं की उठून मेंढ्यांकडे जायचे.

१९२६ च्या मार्चमध्ये सिडनीहून सिनेमावाले आले. कैद्यांच्या जुन्या काळावर त्यांना भलामोठा मूकपट काढायचा होता, आणि पडका तुरुंग आमच्याकडे आयताच होता. गावातले पुरुष कैदी व्हायला धावले. सोंगच ते, त्यात कसली लाज? माझं लग्न ज्याच्याशी ठरलं होतं तो लेस्ली हॅलमही गेला, आणि त्याने ओढून नेलं म्हणून बाबाही. लेस्लीची आई माझ्या शेजारी खुर्ची टाकून, छत्री उघडून बघत बसली. त्यांच्या दिवाणखान्यात त्यांच्या आजोबांची तलवार टांगलेली होती, आणि ती दाखवल्याशिवाय पाहुण्याला चहा मिळत नसे. लग्नाला तीन आठवडे उरले होते.

बेड्या खऱ्या होत्या, कुठून तरी मिळवलेल्या. साखळी पायांत अडकून माणसं धडाधड पडत होती.

"अरे, कैदी आहात की दारुडे?" दिग्दर्शकसाहेब भोंग्यातून ओरडले. बायका हसल्या. मीही हसले.

चौथ्या खेपेला लेस्ली पडला. घोटा सोलून रक्त आलं. कॅमेरा चालूच होता. रांगेतून बाबा पुढे आले आणि गुडघ्यांवर बसले. गळ्यातला रुमाल फाडून त्यांनी लोखंडी कड्याखाली सारला, पुढून दुहेरी, मागून एकेरी. मग स्वतःच्या बुटाची नाडी काढली, साखळी मधोमध उचलून लेस्लीच्या कमरपट्ट्याला बांधली आणि वर पाहिलं.

"दुखतंय का रे, बाळा? डावा पाय आधी टाक. छोटं पाऊल."

लेस्ली चालला. साखळी जमिनीला लागली नाही.

"वा, काका!" साहेब खूश झाले. "हे कुठे शिकलात?"

"वडिलांचे घोटे कधी बरे झालेच नाहीत," बाबा म्हणाले. "मी रोज बांधायचो. तेव्हा ते सांगायचे, कसं..." आणि मग त्यांना कळलं आपण काय बोललो ते.

मिसेस हॅलमनी छत्री मिटली. "विनी, तुझे आजोबा पहारेकरी होते ना गं?"

बाबा माझ्याकडे बघत होते.

"मला काय माहीत?" मी म्हणाले. "या माणसाने मलाही फसवलंय." मुद्दाम मोठ्याने म्हणाले, बाबांना ऐकू जावं म्हणून.

लग्न मोडायचं ते मोडलंच. मी शिवून दिलेली गोधडी मिसेस हॅलमनी धुऊन, इस्त्री करून परत पाठवली. लेस्ली फिरकलाही नाही. त्याचा राग मी बाबांवर काढला. सगळा हिवाळा त्यांच्याशी बोलले नाही, चहाचा कप तेवढा समोर आदळायचे. एकदा ते म्हणाले, "पोरी, तुझ्या आजोबांनी कोट चोरला होता. धाकट्या भावासाठी."

"मला ऐकायचं नाही," मी म्हणाले.

हिवाळा सरता सरता, ऑगस्टमध्ये, छातीत कफ भरून ते गेले.

पुढच्या वर्षी सिनेमा होबार्ट शहरात लागला. मी एकटीच गेले. जहाजं झाली, चाबूक झाले, आणि मग पडदाभर बाबा आले. रुमाल फाडला, नाडी बांधली, वर बघून ओठ हलवले. ते काय म्हणाले, हे लिहिलेली पाटी काही पडद्यावर आली नाही. पडद्याखालचा पियानोवाला आपला वाजवत राहिला.

शेजारची बाई डोळे पुसत होती. "काय म्हणाला असेल हो तो म्हातारा?"

"'दुखतंय का रे, बाळा?' म्हणाले."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"माझे बाबा आहेत ते," मी म्हणाले. "कैद्याचा मुलगा." हेही मोठ्यानेच म्हणाले. चार रांगांतल्या माणसांनी वळून पाहिलं. ज्यांनी ऐकायला हवं होतं ते पडद्यावर लेस्लीला चालायला शिकवत होते.