रोहा तालुक्यातली एक जागा

"ताई, तुमची पोर माझ्या चुलीजवळ घटकाभर बसली तरी 'आई कुठं गेली' करते. ती तिकडं होस्टेलात राहील काय? राहायची नाय तर जागा कशाला अडवता?"

निडीच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या विमलबाई तांदूळ निवडता निवडता मला हे म्हणाल्या होत्या. मी हसून म्हटलं, "होईल हो सवय." मनात म्हटलं, आता खिचडीवाल्या बाईने मला मूल कसं वाढवायचं ते शिकवावं. मी बी.ए. आहे, मानसशास्त्र घेऊन.

आम्ही पेणला रामवाडीत राहतो. रामवाडीच्या आयांमध्ये त्या काळात एक साथ आली होती. सरकारी निवासी शाळा, सहावी ते बारावी सगळं फुकट, तालुक्याला मोजक्याच जागा, आणि पाचवीत प्रवेश परीक्षा. त्यातल्या बहुतेक जागा तिसरी, चौथी आणि पाचवी खेड्यातल्या शाळेत शिकलेल्या मुलांसाठी राखीव. हा नियम खेड्यातल्या मुलांच्या भल्यासाठी केलाय, असा सरकारचा एक गैरसमज होता. तो आम्ही दूर केला. मुलाचं नाव तिसरीपासून एखाद्या गावातल्या शाळेच्या पटावर, आणि मूल पेणमध्ये क्लासला. रामवाडीतली निम्मी मुलं अशी कागदोपत्री शेजारच्या जिते गावात शिकत होती. मी त्यांच्यापेक्षा हुशार. पेण तालुक्यात गर्दी होणार हे ओळखून मी माझ्या मैनाचं नाव रोहा तालुक्यात, निडीच्या शाळेत घातलं. यांच्या चुलत आत्याचं घर तिथे आहे, पत्त्याचा प्रश्न मिटला. शाळेचे नाथा गुरुजी पट घसरला म्हणून काळजीत होते. त्यांना एक नाव मिळालं, मला एक गाव.

"शनिवारी तेवढं तोंड दाखवत जा," गुरुजी म्हणाले. "बाकी मी बघतो."

क्लास कमळाकर सरांचा. रोज बारा शब्द, जेवणाआधी म्हणून दाखवायचे, चुकला शब्द तर पोळी थांबली. घरात फ्रिजवर शब्द, मोरीच्या दारावर शब्द. गॅसच्या रांगेतसुद्धा आम्ही एकमेकींच्या मुलांचा आकडा काढायचो, "तुमच्याकडे किती झाले?" वजन विचारावं तसं. मुलांना कमळाला अकरा प्रतिशब्द पाठ, आणि कमळ दाखव म्हटलं तर कुंडीतल्या जास्वंदीकडे बोट. सर म्हणायचे, शब्द हीच श्रीमंती. ती कोणाची, ते फीच्या पावतीवर दिसायचं.

शनिवारी मी मैनाला घेऊन निडीला जायची. गुरुजींनी मला मोकळी बसलेली बघितली आणि म्हणाले, "आलाच आहात तर आमच्या पोरांनाही सांगा दोन शब्द." पाचवीत चार मुलं. तिघं दुसऱ्या शनिवारी पसार झाली. राहिली हौसा, विमलबाईंची नात. तिची आई पेणच्या खाडीकडे मिठागरावर कामाला, पोर आजीपाशी. मी तिला शिकवलं ते मैनाला जोडीदारीण हवी म्हणून. उगाच कोणी मला पुण्यवान समजू नये.

हौसा आजीच्या बाजूला बसून खडे निवडायची. एका मुठीला एक शब्द.

"कुंजर म्हणजे हत्ती," मी सांगायची.

"असं कोण बोलतं?"

"कोणी नाही गं. पेपरात येतो."

"मग पेपर काढणारा बोलत असंल," हौसा म्हणायची. "त्याच्या घरी हत्ती हाय काय?"

विमलबाई पदराआड हसायच्या. मैनाही हसायची, क्लासमध्ये कधी हसायची नाही तशी. मला वेळ वाया गेल्याचा राग यायचा. पण कोण बोलतं हे विचारल्याशिवाय ती पोर शब्द घ्यायची नाही, आणि घेतलेला शब्द पुन्हा कधी चुकायची नाही. माझी लेक रात्री पाठ केलेलं सकाळी दातांबरोबर घासून टाकायची.

निकाल लागला. मैनाची निवड झाली. रोहा तालुक्याच्या प्रतीक्षा यादीत पहिलं नाव हौसाचं.

"यादीत हाय ना?" विमलबाई म्हणाल्या. "मग कुणी गळलं तर हिचा नंबर लागंल." त्यांनी मैनाच्या हातावर गूळ ठेवला.

कमळाकर सरांनी रामवाडीच्या नाक्यावर फ्लेक्स लावला. त्यावर मैनाचा चेहरा सुपाएवढा. येताजाता बायका मला थांबवायच्या. शेजारची सगुणा तर म्हणाली, "तुझ्या हाताखाली दगड ठेवला तर तोही पास होईल गो." मला ते गोड लागलं, हे कबूल करते.

जुलैत मैनाला पोचवून आले. रविवारी होस्टेलवरून फोन करू देत. पहिल्या रविवारी ती म्हणाली, "आई, ये." दुसऱ्या रविवारी तेच. हजार-दीड हजार शब्द पाठ केलेली पोर, आणि तिच्या तोंडून एवढंच. तिसऱ्या रविवारपासून नुसता श्वास ऐकू यायचा. मेट्रन म्हणाल्या, जेवत नाही, ताप येऊन जातो.

ऑगस्टच्या चोवीस तारखेला तिथल्या मुख्याध्यापकांचा फोन आला. "बाई, मुलगी राहत नसेल तर आत्ताच सांगा. एकतीसपर्यंत जागा सोडलीत तर यादीतल्या पुढच्या मुलीला बोलावता येतं. त्यानंतर ती या वर्षी कोणालाच नाही."

मी म्हटलं, "रुळेल ती. थोडे दिवस बघू."

हे कंपनीतून शिफ्ट संपवून आले, ऐकलं आणि म्हणाले, "घेऊन ये तिला."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांना काय म्हणायचं ते त्या फ्लेक्सला म्हणू दे."

दुसऱ्या दिवशी कमळाकर सर सपत्नीक आले. "महिनाभर कळ काढा," ते म्हणाले. "सप्टेंबरात माझी नवी बॅच भरते, त्याआधी ही परत आली तर बरं दिसत नाही. आणि मुलं रुळतात हो." मी त्यांना पोहे दिले. वरून खोबरंही घातलं.

पुढे दोघा-तिघांना मी सांगितलं की मला तारीख नीट कळली नव्हती. कळली होती. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी एकतीसला पेनाने गोल केला होता आणि रोज त्याच्यासमोर उभी राहून चहा पीत होते. खरं कारण सांगू? रामवाडीच्या नाक्यावरच्या फ्लेक्समधली पोरगी परत येणार आणि खिचडीवाल्या बाईची नात तिच्या खाटेवर झोपणार, हे मला सोसवत नव्हतं. मैना रडत होती ते मला ऐकू येत होतं. हौसा तिथे हसेल, हे त्याहून मोठ्याने ऐकू येत होतं. बी.ए., मानसशास्त्र.

सप्टेंबरच्या पाच तारखेला मैनाला आणलं. तिथल्या कारकुनाने हजेरीतलं तिचं नाव पट्टी ठेवून खोडलं. खाली कोणाचंही नाव लिहिलं नाही.

मग एकदा निडीला गेले. न जाऊन कसं चाललं असतं?

"आली काय पोर?" विमलबाई म्हणाल्या. "बरं झालं. सुकली असंल."

"हो."

"कधी आणली?"

"पाच तारखेला."

त्या खिचडी ढवळत होत्या. गुरुजींनी त्यांना एकतीस तारीख सांगून ठेवली होती, हे मला माहीत होतं. "पाच," त्या म्हणाल्या, आणि ढवळतच राहिल्या. मग माझ्यासाठी चहा टाकला. शिव्या दिल्या असत्या तर मी उत्तर तयार ठेवलं होतं.

हौसा दारात होती. मैना फोनवर बोलत नाही, हे तिच्याही कानावर गेलं होतं. "मैना आता बोलते काय?" तिने विचारलं.

"बोलते."

"मग तिला आणा की शनवारी."

मी नेलं नाही. मीही गेले नाही. पुन्हा गेले तर त्या पुन्हा चहा करतील.

निडीची शाळा पाचवीपर्यंतच आहे. सहावीसाठी रोह्याला जावं लागतं, गाडीने, रोज. कोणी म्हणतं हौसा जाते. कोणी म्हणतं आईने तिला मिठागरावर नेली, दिवाळीनंतर तिथे हात कमीच पडतात. मैना इथे पेणच्या शाळेत जाते, चांगली जेवते. नाक्यावर आता दुसऱ्याच पोराचा चेहरा आहे.

तुमच्यापैकी कोणी रोह्याच्या बाजूला जात असाल तर मधे निडीला उतरा. शाळेच्या मागे विमलबाईंचं घर विचारा, कोणीही दाखवेल. माझं नाव काढू नका. हौसा सहावीला जाते का, तेवढं बघून या. आजी जाते म्हणेल, ती कोणासमोर रडगाणं गाणारी नाही. तेव्हा नुसतं विचारून येऊ नका. दप्तर मागा, वही उघडा, आणि शेवटच्या लिहिलेल्या पानावर तारीख कधीची आहे ते बघा.