रेघेवरचा पलंग

गादीवाल्याच्या घरातून रस्ता जाणार होता, आणि तोही नेमका त्याच्या पलंगातून. मोजणीदार आला आणि रंगाचा डबा घेऊन दारापासून मागच्या भिंतीपर्यंत लाल रेघ ओढत सुटला. पलंग आडवा आला, तर थांबावं की नाही? छे! हा गडी थेट पलंगाखाली शिरला, पलीकडून निघाला आणि गुडघे झटकत म्हणाला, "खिडकीकडचं सरकारचं, भिंतीकडचं तुमचं. पलंगावर कोण कुठे झोपतं?"

"मी खिडकीकडे, ही भिंतीकडे," गादीवाला बोलून गेला. जन्मभर लोकांच्या गाद्या शिवल्या, पण स्वतःच्या जिभेला टाका घालणं त्याला कधी जमलं नाही.

मोजणीदाराचा चेहरा खुलला. माणूस जिथे झोपतो तिथे तो राहतो, असा नियम होता. म्हणजे गादीवाला विस्थापित. भरपाई म्हणून त्याला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला खोली, एका माणसापुरती. बायको जागची हललीच नव्हती, तिला कसली आलीय भरपाई?

"अहो, पण आम्ही नवराबायको आहोत!"

"असा की! तुमच्या संसाराच्या कुठे आड येतोय रस्ता?"

"मग मी हिच्याच भागात राहतो."

"विस्थापित माणूस जागेवर सापडला, तर ते अतिक्रमण."

"आणि ही माझ्या खोलीवर आली तर?"

"तेही अतिक्रमण." मोजणीदार तसा दुष्ट नव्हता हो. आवाज उतरवून म्हणाला, "उद्या पहाटे फेरपाहणी करतो. जो जिथे झोपलेला दिसेल, ते कायम."

तो गेला आणि बायकोच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "त्याने विचारलं की लगेच पोपटासारखं बोलायलाच हवं होतं? जा, राहा एकटे. सुटले एकदाची!" एवढं बोलून तिने अबोला धरला. अबोले पूर्वीही झाले होते, पण एकाच पलंगावर. ती शेजारी नसली की गादीवाल्याला झोप लागत नसे. पण हे तिला सांगायचं, तर आधी बोलणार कोण?

पहाटे बायको चूळ भरायला उठली. गादीवाल्याने संधी साधली. झटकन तिच्या जागी सरकला आणि डोक्यावरून पांघरूण ओढलं. भिंतीकडे सापडलो की मीही इथलाच, राहू दोघं चिकटून!

बायको परत आली. खिडकीकडे कोणी नाही आणि भिंतीकडे पांघरुणाचा ढीग. तो तिला आपलाच वाटला. रोज उठताना ती तसाच टाकून जायची. हे बाहेर साहेबाची वाट बघत असतील, असं समजून ती नवऱ्याच्या जागी आडवी झाली आणि त्याचं पांघरूण तोंडावरून घेतलं. शेजारी कोणी पडल्याचं गादीवाल्याला कळलं. पण विचारणार कसं? अबोला होता ना!

थोड्याच वेळात मोजणीदार आला आणि त्याने दोन्ही पांघरुणं उचलली. "ठीक. बाई विस्थापित, तुम्ही कायम."

दोघं ताडकन उठून बसली.

"अगं, तू इकडे कशाला मरायला?"

"तुमच्याबरोबर यायला! आणि तुम्ही तिकडे कशाला?"

"तुझ्याजवळ राहायला!"

बायकोला रडू फुटलं. डोळे पुसता पुसता तिने नवऱ्याचं मनगट धरलं, त्याला पलंगाच्या मधोमध ओढलं आणि परक्या माणसासमोर घट्ट मिठी मारली. गादीवाला लाजून लाल झाला, पण त्याने मिठी सोडवली नाही.

"आता लिहा!" ती म्हणाली.

मोजणीदार पलंगाखाली वाकला, वर बघितलं, परत वाकला. दोघंही बरोबर रेघेवर. आणि रेघ कोणाची, हे नियमात कुठेच नव्हतं.

"वर विचारावं लागेल," तो डोकं खाजवत म्हणाला. "तोवर रस्ता थांबवतो. पण उत्तर येईपर्यंत दोघांनी हलायचं नाही."

"कधी येईल उत्तर?"

"वरून?" मोजणीदाराने नुसतेच हात उडवले आणि जाताना दार ओढून घेतलं.

दोघं तशीच मिठीत रेघेवर आडवी झाली.

"अहो, गुदमरतेय मी."

"मग सरकू?"

"सरकून तर बघा!"